धक्का मारणारे पॅसेंजर

घरातली पहिली गाडी घ्यायची ठरली आणि वाद पेटला तो रंगावरून नाही, म्युझिक सिस्टिमवरून तर नाहीच नाही... बॅटरीच्या वजनावरून!

‘‘पोरी, एवढं ओझं पोटात घेऊन ती गाडी उठणार कशी?’’

रविवारची सकाळ, कांदेपोहे आणि समोर पसरलेलं ब्रोशर. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका वाक्यात माझ्या तीन आठवड्यांच्या रिसर्चची हवा काढली. माझे अण्णा म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. तीसेक वर्षं लाल डबा चालवलेला माणूस. कुठली गाडी कुठल्या चढावर दम टाकेल, हे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळतं. आणि मी? मास कॉम केलेली, फ्रीलान्स लिहिणारी मुलगी. फिजिक्सशी माझा संबंध बारावीच्या पेपरबरोबर संपला. तोही सलोख्यानं नव्हे!

त्यामुळे ‘अण्णा, आता जमाना इलेक्ट्रिकचा आहे’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि जमाना हे काही उत्तर नाही, हे अण्णांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मामला तसा साधा होता. आम्हाला छोटी इलेक्ट्रिक कार घ्यायची होती. टाटाची टिआगो ईव्ही २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा ती दोन बॅटऱ्यांमध्ये आली. एक १९.२ युनिटची, दुसरी २४ युनिटची. (ब्रोशरमध्ये किलोवॉट-तास लिहितात. घाबरू नका, आपल्या लाइट बिलावरचा युनिट तो हाच.) गाडी तीच, सीट त्याच, चाकं तीच. फरक बॅटरीचा आणि अर्थातच किमतीचा. तो फरक म्हणजे माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं दोन-तीन महिन्यांचं मानधन, तेही वेळेवर आलं तर!

अण्णांचं गणित सरळ होतं. ‘‘शहरात फिरायला लहान बॅटरी पुरते. मोठी घेतली की वजन वाढणार. वजन वाढलं की पिकअप जाणार. जास्त पैसे देऊन मंद गाडी कोण घेतं?’’

बोला आता! मला तर पटलंच होतं. लहान बॅटरी, कमी पैसे, हलकी गाडी. पण मधे एक प्रसंग आठवला आणि मी थांबले.

तो प्रसंग २०२३ च्या मे महिन्यातला. गावाला, वाईजवळ, एक लग्न होतं. अण्णा-आई आधीच एसटीनं पोचले होते. मी हौसेनं एक इलेक्ट्रिक गाडी दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतली. म्हटलं, जरा स्टाइलमध्ये एन्ट्री मारू. जाताना काय मजा आली सांगू! सिग्नल सुटला की बाकीचे गिअर टाकेपर्यंत आपण पुढे. आवाज नाही, धूर नाही, नुसता सुळ्ळकन पळणारा प्रकार. खंबाटकी घाट चढताना तर मी चक्क गाणं गुणगुणत होते.

येताना मात्र गंमत संपली. लग्नाच्या गडबडीत चार्जिंग राहून गेलं. गावाजवळ जो चार्जर सापडला तो बंद होता. बॅटरी अकरा टक्के. महामार्गावर पुढे पंधरा-एक किलोमीटरवर दुसरा चार्जर आहे, तिथवर जाऊ, असा हिशोब केला. गाडीत मी, आई, अण्णा, आत्या आणि डिकीत आत्यानं दिलेल्या तांदळाच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या आणि दोन फणस.

सुरूर फाट्यावर वाईचा रस्ता पुण्याच्या महामार्गाला मिळतो. संध्याकाळची वेळ. मागून एक ट्रक येताना दिसत होता, पण लांब. जाताना ज्या गाडीनं मला इतकी चटक लावली होती, तिच्या भरवशावर मी लेनमध्ये शिरले आणि पेडल तळाला दाबलं.

काहीच झालं नाही.

म्हणजे गाडी चालली, पण चालली तशीच... पहिल्या दिवशी ऑफिसला निघालेल्या ट्रेनीसारखी, बिचकत बिचकत. स्क्रीनवर कासवाचं एक छोटं चित्र उगवलं होतं. पन्नास... बावन्न... त्रेपन्न. मागून ट्रकचा हॉर्न. आरशात त्याचा भोंगा नाही, त्याचे दिवेच दिसायला लागले. अण्णा मागच्या सीटवरून फक्त एवढंच म्हणाले, ‘‘डावीकडं घे. सरळ डावीकडं घे.’’ मी घेतली. ट्रक आमच्या शेजारून गेला तेव्हा गाडी हलली. आत्यानं देवाचं नाव घेतलं. फणस डिकीत गडगडला.

पुढचे पंधरा किलोमीटर कोणी बोललं नाही.

अण्णांनी तो विषय नंतर कधीच काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं की इलेक्ट्रिक गाडीला ओझं झेपत नाही. आणि आता ज्या गाडीवरून आमचा वाद चालला होता, ती गाडी दर शनिवारी आईला शेजारी बसवून, त्याच सुरूर फाट्यावरून अण्णा स्वतः चालवणार होते. प्रश्न पिकअपचा नव्हताच मुळी. प्रश्न होता की माझे आई-वडील त्या फाट्यावर सुखरूप हायवेला लागतील की नाही.

म्हणून ठरवलं, समजून घ्यायचंच. कॉलेजमधला एक मित्र चाकणला गाड्यांच्याच कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला कॉफीचं आमिष दाखवलं. (खरं तर बिल त्यानंच दिलं. फ्रीलान्सर असण्याचे काही फायदेही असतात!)

‘‘आधी मला सांग,’’ तो म्हणाला, ‘‘चार माणसं बसलेली दीड हजार किलोची गाडी शून्यावरून शंभरच्या स्पीडला न्यायला किती वीज लागते?’’

मी म्हटलं, ‘‘पाच युनिट? दहा?’’

त्यानं टिश्यू पेपरवर हिशोब मांडला. उत्तर आलं, एका युनिटचा जेमतेम सहावा भाग! आपला पाचशे वॉटचा मिक्सर वीस मिनिटं चालवला तर जेवढी वीज जाते, तेवढी. हवेचा विरोध आणि बाकीची गळती धरली तरी थोडी आणखी, बस्स. म्हणजे १९.२ युनिटच्या बॅटरीत विजेची कमतरता अजिबात नाही.

‘‘मग माझी गाडी का उठली नाही?’’

‘‘कारण वीज किती आहे हा प्रश्नच नाही. ती किती वेगानं बाहेर पडते, हा प्रश्न आहे.’’

तोच सहावा भाग दहा सेकंदांत द्यायचा म्हटलं की बॅटरीला सरासरी साठेक किलोवॉट द्यावे लागतात. म्हणजे दीड किलोवॉटचे चाळीस एसी एकदम सुरू करण्याएवढे! पाण्याच्या भाषेत सांगायचं तर युनिट म्हणजे टाकी आणि किलोवॉट म्हणजे नळ. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. टाकी भरलेली असूनही चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार का येते, यावर आमच्या सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्यात!

आता खरी गंमत इथून पुढे. बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नसतो, तर अनेक छोट्या-छोट्या सेलचा जमाव असतो. प्रत्येक सेलची करंट द्यायची एक मर्यादा असते. त्यापेक्षा जास्त ओढला की त्याचं व्होल्टेज बसतं आणि तो तापतो. तोही कसा? करंट दुप्पट केला की आतली उष्णता चौपट. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर सेलच्या मर्यादेपलीकडे मोटरला वीज ओढू देत नाही. मग जास्त ताकद हवी असेल तर काय करायचं? सेल वाढवायचे. भार वाटला जातो, प्रत्येकावरचा ताण कमी होतो आणि सगळ्यांची मिळून ताकद वाढते.

म्हणजे मोठी बॅटरी ही नुसती मोठी टाकी नाही. तिच्याबरोबर जास्तीचे नळही येतात!

मी ब्रोशर काढलं. लहान बॅटरीची टिआगो ६१ पीएसची, म्हणजे ४५ किलोवॉट. मोठ्या बॅटरीची ७५ पीएसची, म्हणजे ५५ किलोवॉट. मित्रानं भागाकार करायला लावला. ४५ भागिले १९.२... २.३. आणि ५५ भागिले २४... पुन्हा २.३! मी तर खुर्चीत उडालेच. दोन्ही गाड्यांत एका युनिटमागे ताकद जवळजवळ सारखीच. युनिट वाढले, त्याच हिशोबात किलोवॉट वाढले.

‘‘आणि वजन?’’ मी अण्णांच्या वतीनं विचारलं.

जास्तीचे युनिट किती, तर ४.८. आजच्या लिथियम बॅटरीच्या हिशोबानं ते बसवायला तीस ते चाळीस किलो जास्त लागतील असं धरा. बाराशे किलोच्या गाडीत ही वाढ झाली तीन टक्के. आणि ताकदीतली वाढ? जवळपास तेवीस टक्के! वजन तीननं वाढलं, ताकद तेवीसनं. असा इन्क्रिमेंट आपल्याला कुठल्या अप्रेझलमध्ये मिळतो का, सांगा!

कंपनीनं दिलेले आकडेही तेच सांगतात. शून्य ते साठला लहान बॅटरीची गाडी ६.२ सेकंद घेते, मोठ्या बॅटरीची ५.७. म्हणजे जड गाडी पुढे!

पण थांबा. मला एक शंका आली आणि मित्रानं मला चक्क शाबासकी दिली. ताकद तेवीस टक्के जास्त, मग वेळ फक्त आठ टक्केच कमी कसा?

कारण सुरुवातीच्या झेपेत काम करतो तो टॉर्क, मोटरचा पीळ. तो दोन्ही गाड्यांत जवळपास सारखाच आहे, ११० आणि ११४ न्यूटन-मीटर. इलेक्ट्रिक मोटर हा पीळ अगदी शून्यापासून देते, म्हणून सिग्नलला दोन्ही गाड्या सारख्याच उडी मारतात. पण स्पीड वाढला की तोच जोर टिकवायला जास्त किलोवॉट लागतात. ताकद म्हणजे जोर गुणिले वेग. एका टप्प्यानंतर लहान बॅटरीचे नळ पूर्ण उघडलेले असतात आणि गाडीचा जोर ओसरू लागतो. मोठ्या बॅटरीची गाडी मात्र अजून थोडा वेळ तग धरते. म्हणजे फरक सिग्नलवर कळणारच नाही, तो चाळीस ते ऐंशीच्या मधे कळेल.

चाळीस ते ऐंशी. म्हणजे नेमका सुरूर फाटा.

टेस्ट ड्राइव्हला आपण काय करतो? सोसायटीच्या गेटपासून चौकापर्यंत जातो, सिग्नलला एक उडी मारतो आणि ‘वॉव!’ म्हणून परत येतो. शेजारी सेल्समन, मागची सीट रिकामी. मग घरची चार माणसं बसवून घाटात गेलो की गाडी वेगळीच वाटते. साहजिक आहे! एकट्या ड्रायव्हरऐवजी चार माणसं बसली की दोनशे किलो वाढले. बॅटरीचे जास्तीचे तीस-चाळीस किलो त्यापुढे किस झाड की पत्ती? आमच्या आत्याचे दोन फणस आणि तांदूळच तेवढे भरले असते. आणि त्या फणसांनी गाडीला एक वॉटसुद्धा दिला नाही!

हे ओझ्याचं कोडं जुनंच आहे बरं का. अण्णा अगदीच चूक नव्हते. ते ज्या काळाबद्दल बोलत होते, त्या काळात ते शंभर टक्के बरोबर होते. २००१ मध्ये बंगळुरूची ‘रेवा’ आली ती लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांवर, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या. या बॅटरीत किलोमागे तीस-चाळीस वॉट-तास मावतात. त्या हिशोबानं २४ युनिट भरायचे तर सहाशे ते आठशे किलोची बॅटरी लागेल. गाडीच्या निम्मं वजन! तिथं खरोखरच बॅटरीचं बरंचसं बळ बॅटरीलाच वाहून नेण्यात जायचं.

मग झालं काय? कॅलिफोर्नियात एसी प्रोपल्शन नावाची छोटी कंपनी होती. १९९७ मध्ये तिनं ‘टीझिरो’ नावाची इलेक्ट्रिक स्पोर्ट्‌स कार बनवली, तीही लेड-अ‍ॅसिडवरच. २००३ मध्ये त्यांनी त्या जड बॅटऱ्या काढल्या आणि लॅपटॉपमध्ये असतात तसले सहा हजार आठशे लिथियम सेल एकत्र बांधले. गाडी दोनशे किलोहून जास्त हलकी झाली, चपळ झाली आणि एका चार्जवर कितीतरी लांब जाऊ लागली. एकेकटा सेल बोटाएवढा, पण सगळे मिळून स्पोर्ट्‌स कार पळवतायत! याच गाडीनं पुढे टेस्लाच्या लोकांना वाट दाखवली. २००८ मध्ये आलेल्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६,८३१ सेल होते, बॅटरीचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास आणि ताशी ९७ किलोमीटर म्हणजे साठ मैलांचा वेग गाठायला चार सेकंदांच्या आत.

आजच्या टोकाच्या गाड्या बघितल्या तर डोकंच गरगरतं. अमेरिकेत जीएमसीची हमर ईव्ही आहे. तिची नुसती बॅटरी तेराशे किलोच्या वर आणि अख्खी गाडी चार टनांहून जड. तरीही साठ मैलांचा वेग गाठते साधारण तीन सेकंदांत. आणि दुसऱ्या टोकाला झुरिकचे विद्यार्थी. त्यांनी २०२३ मध्ये हातानं बनवलेली ‘मिथेन’ नावाची चिमुकली गाडी, वजन जेमतेम १४० किलो, ताकद २४० किलोवॉट, शून्य ते शंभर ०.९५६ सेकंदांत! हे वाक्य वाचायला तुम्हाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला.

एक गाडी हत्ती, एक चिमणी. दोघीही सुसाट. कारण निव्वळ वजन बघायचं नाही, किलोमागे किलोवॉट किती ते बघायचं.

मग काय, जितकी मोठी बॅटरी तितकी चांगली? नाही ना! मित्रानं इथं माझे कान धरले. ‘‘सेल कितीही वाढव, पण मोटर आणि तिचा कंट्रोलर तोच ठेवलास तर ताकद वाढणार नाही. टाकी मोठी, नळ जास्त, पण घरात येणारा पाइप अर्ध्या इंचाचाच! मग ते वाढलेलं वजन म्हणजे नुसतं ओझं.’’ शिवाय जड गाडी टायर जास्त खाते, वळणावर आणि ब्रेक मारताना तिचा भार जाणवतो आणि जिथं तिथं थोडी जास्त वीज मागते. ताकदही सरळ हिशोबानं वाढतेच असं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्रानं ‘बीई ६’ आणली. आपल्या चाकणचीच! तिच्या ५९ युनिटच्या बॅटरीला १७० किलोवॉट, तर ७९ युनिटच्या बॅटरीला २१०. बॅटरी एक तृतीयांशानं वाढली, ताकद एक चतुर्थांशाच्या आतच. म्हणजे ब्रोशरमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे, युनिट आणि किलोवॉट. फक्त युनिट वाढले असतील तर तुम्ही लांबचं अंतर विकत घेताय. दोन्ही वाढले असतील तर पिकअपही.

आणि माझं कासव? त्याचं उत्तरही मिळालं. बॅटरी रिकामी होत आली की सेलचं व्होल्टेज उतरतं. अशा वेळी जोरात करंट ओढला तर ते धोक्याच्या रेषेखाली जाऊ शकतं. म्हणून गाडी स्वतःच नळ आवळते. बॅटरी फार थंड असेल किंवा फार तापली असेल तरी तेच. पेट्रोलच्या गाडीत टाकीत शेवटचं लिटर उरलं तरी इंजिन तेवढंच जोरात पळतं. इलेक्ट्रिक गाडीत तसं नसतं. त्या संध्याकाळी गाडी बिघडली नव्हती, ओझ्यानंही दमली नव्हती. मी तिला उपाशीपोटी पळायला लावलं होतं. ‘इलेक्ट्रिक गाडीला काही झेपत नाही’ असं दोन वर्षं जगभर सांगत फिरणारी मी, चूक माझीच होती. हे स्वीकारायला जरा जड गेलं. पण गेलं.

आता हे सगळं अण्णांना सांगायचं कसं? किलोवॉट आणि न्यूटन-मीटर त्यांच्यासमोर काढले असते तर ते उठून पेपर वाचायला गेले असते. मी म्हटलं, ‘‘अण्णा, तुमची एसटी कधी बंद पडायची?’’

‘‘कधी म्हणजे? पावसाळ्यात हमखास. सेल्फ लागायचा नाही.’’

‘‘मग काय करायचात?’’

‘‘पॅसेंजर उतरवायचे आणि धक्का मारायला लावायचे. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की सुरू!’’

‘‘मग समजा, प्रत्येक जास्तीचा पॅसेंजर धक्का मारणाराच असेल तर? गाडी जड होईल की उठेल?’’

अण्णांनी चष्मा पुन्हा कपाळावर नेला. मी पुढे रेटलं. बॅटरीतला प्रत्येक सेल म्हणजे असा पॅसेंजर. त्याचं वजन आहे, कबूल. पण तो सीटवर बसून शेंगा खात नाही, तो धक्का मारतो. लहान बॅटरीत कमी माणसं धक्का मारतात, मोठीत जास्त. फणस आणि तांदळाच्या पिशव्या हे मात्र बसून राहणारे पॅसेंजर! आणि त्या दिवशी आपली गाडी का उठली नाही? कारण धक्का मारणारी माणसं सकाळपासून उपाशी होती.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तसं शिवाई पण काही वाईट उठत नाही.’’

मला कळेना, ही शिवाई कोण? तर एसटीची इलेक्ट्रिक बस! २०२२ च्या एक जूनला, एसटीच्या वाढदिवशी, ती पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. ज्या मार्गावर १९४८ मध्ये पहिली एसटी धावली होती, तोच मार्ग. अण्णा मुद्दाम तिच्यात बसून नगरला जाऊन आले होते, ड्रायव्हरच्या मागची सीट पकडून. घरी कोणाला बोलले नव्हते! ‘‘एवढी भरलेली गाडी, पण हाफ क्लच नाही, गिअर नाही, झटका नाही. मला वाटलं ड्रायव्हर चांगला असेल.’’

‘‘ड्रायव्हर चांगला असेलच हो अण्णा,’’ मी म्हटलं, ‘‘पण पॅसेंजरही धक्का मारणारे होते.’’

पहिल्यांदाच ते खळखळून हसले.

आम्ही मोठी बॅटरी घेतली. त्यासाठी मी दोन लेखांचं मानधन आगाऊ मागितलं आणि एका संपादकांचं लेक्चर ऐकलं. (तेच हे संपादक नव्हेत, गैरसमज नको!) गाडी घरी आल्यावर आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. अण्णांनी डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली. एसटीच्या डेपोतल्या सूचनेसारखी, ठळक अक्षरांत. ‘बॅटरी तीस टक्क्यांखाली असता हायवेला लागू नये. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

पहिल्या शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. मुद्दामच. येताना सुरूर फाट्यावर अण्णांनी गाडी थांबवली. बॅटरी एकसष्ट टक्के. डिकीत तांदूळ, लोणचं आणि सवयीप्रमाणे एक फणस. मागच्या सीटवर आई आणि आत्या. मी शेजारी, हात सीट बेल्टवर घट्ट. अण्णांनी आरशात बघितलं. लांबून एक ट्रक येत होता, त्या दिवशीसारखाच. मी म्हणणार होते, ‘जाऊ दे त्याला.’ पण अण्णांनी स्वतःच त्याला जाऊ दिलं. मागचा पूर्ण रस्ता मोकळा झाला, मग पेडल दाबलं.

चाळीस. पन्नास. पासष्ट. ऐंशी. कोणाची मान मागे झुकली नाही, फणसही जागचा हलला नाही. बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आम्ही अलगद मिसळून गेलो, त्यांच्यातलेच एक होऊन.

अण्णांनी स्टिअरिंगवर दोन बोटं वाजवली. आणि तीस वर्षांत त्यांनी ज्या गाड्यांना हा मान दिला असेल त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात, तो शब्द त्यांनी उच्चारला.

‘‘उठली.’’